थकलेले टायर

१२ सप्टेंबर १९९५, मंगळवार

आज सकाळी कॉर्पोरेशनचा माणूस आला आणि त्यानं मागच्या अंगणातल्या गाडीला दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं.

"हलली नाही," असं स्वतःशीच म्हणून त्यानं ते कागदावर लिहून घेतलं.

गाडी म्हणजे मोटार नव्हे. मोटारीच्या मागे जोडून न्यायचं फिरतं घर. पांढरा पत्रा, आत दोन बाक, एक पलंग, छोटा ओटा, तीन खिडक्या. हजीऱ्याच्या कारखान्याचं काम आटोपून मायदेशी निघालेल्या एका जर्मन इंजिनियरकडून ह्यांनी ते घेतलं होतं. ह्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी प्लेगनंतर शहर साफ करायला निघाले, त्यात खाडीकाठची सुभद्राबाईची झोपडी गेली. तेव्हापासून ती या गाडीत राहते. सकाळी माझ्याकडे पोळ्या-भांडी करते, दुपारी लूमच्या कारखान्यात बॉबिन भरायला जाते. मूळची शहाद्याकडची. वयानं माझ्याएवढीच असेल, पण मला ताई म्हणते.

आलेल्या माणसाचं नाव बन्सीलाल. घराणं पाचोऱ्याकडचं, पण जन्म सुरतेतला, त्यामुळे मराठी बोलता बोलता कधी गुजरातीत उतरतात ते त्यांनाही कळत नाही.

"बेन, नियम सोपा आहे. जे हलतं ते वाहन. जे हलत नाही ते बांधकाम. हे विटांवर उभं आहे, म्हणजे बिनपरवानगीचं बांधकाम. दिवाळी होऊ दे, मग पाडावं लागेल."

मी विचारलं, चाकं लावली तर?

"मग वाहन. स्वतःच्या अंगणात वाहन जन्मभर उभं करा, मला शुं?"

सुभद्राबाई तेव्हा गाडीच्या दारात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. बन्सीलालसाहेबांनी वास घेतला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, आतून मोजमाप घ्यावं लागेल. मोजमापाला तीन भाकऱ्या लागल्या.

१४ सप्टेंबर

चाकांचं काय झालं ते इथे लिहून ठेवते, कारण कोणी तोंडी विचारलं तर मला हसू येतं आणि नीट सांगता येत नाही. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून ह्यांनी तिची दोन्ही चाकं काढून पडवीत ठेवली. चोर आला आणि पडवीतली चाकं घेऊन गेला. गाडी राहिली. हे म्हणाले, "बघ, युक्ती लागू पडली." मिलमध्ये रंगखात्याचे मास्तर होते. कापडाचा रंग त्यांच्या हातून कधी चुकला नाही.

त्या गाडीतून आम्ही कुठेच गेलो नाही. आधी डुमसला जायचं ठरलं होतं, मग उभराटला, मग एकदम महाबळेश्वरला. जसजसं जाणं लांबत गेलं तसतसं ठिकाणही लांबचं होत गेलं.

मला मात्र त्या गाडीत बसलं की भुसावळ आठवतं. माझे वडील, अण्णा, रेल्वेत डॉक्टर होते. तपासणीला निघाले की पॅसेंजरच्या शेपटीला त्यांचं सलून, म्हणजे साहेबलोकांचा खास डबा, जोडायचे, आणि शाळेला सुट्टी असली की मीही त्यात. हिरव्या गादीवर बसून नंदुरबारपर्यंत जायचं. कॉन्व्हेंटचा पांढरा फ्रॉक कोळशानं काळा व्हायचा. सोमवारी सिस्टर बेनेडिक्टा माझी कॉलर दोन बोटांत उचलून विचारायच्या, तू प्रवास केलास की खाणीत काम केलंस? त्या आठवणीसाठी रोज संध्याकाळी मी गाडीत जाऊन मधल्या खिडकीपाशी बसते. सुभद्राबाई स्वयंपाक करत असते किंवा नुकती पाठ टेकलेली असते. ती उठून उभी राहते. मी म्हणते, अगं, माझ्यासाठी नको उठूस.

आज तिला सांगितलं, तुझं घर वाचतंय, आपण चाकं लावणार.  तिनं स्वतःची भाकरी तशीच झाकून ठेवली. आनंदानं माणसाची भूक जाते, हे मी पूर्वीही पाहिलं आहे.

१८ सप्टेंबर

रिंग रोडला छगनभाईंच्या टायरच्या दुकानात गेले. गाडीबरोबर आलेली जर्मन पुस्तिका आणि शब्दकोश दोन्ही नेले होते. पुस्तिकेवर सोनेरी केसांचं एक कुटुंब तळ्याकाठी काहीतरी भाजत बसलं आहे. छगनभाईंनी ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"हवा केटली?" त्यांनी विचारलं.

मी पानावर बोट ठेवून सांगितलं, "दोन पूर्णांक दोन बार."

"बार तो दमणमां छे, बेन," छगनभाई गंभीरपणे म्हणाले. "सुरतमां पाउंड चाले."

दुकानातली सगळी माणसं हसली, म्हणून मीही हसले. गुजरातेत दारूबंदी आहे हे लक्षात यायला मला परतीच्या रिक्षात बसावं लागलं.

मग त्यांनी विचारलं, गाडी किती चालणार? मी म्हटलं, चालणार नाही, उभी राहणार. छगनभाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याकडे खडीवर चालणारा टायर होता, चिखलात चालणारा होता, मुंबईला रोज जाऊन येणारा होता. न चालणारा टायर त्यांच्याकडे नव्हता.

"और बेन, खड़ा टायर जल्दी मरता है," ते म्हणाले. "चलता है तो अच्छा रहता है. एक जगह बैठे बैठे उसकी बगल फटती है."

मला फार वाईट वाटलं. कोणासाठी ते कळलं नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

गणपती दूध पितो आहे म्हणून सगळं सुरत रांगेत उभं आहे. छगनभाई चाकं घेऊन येणार होते, आले नाहीत. दूधवालाही आला नाही. कोरा चहा प्यायले.

सुभद्राबाईनं गाडीच्या कडेला गिलक्याचा वेल चढवला आहे. पिवळी फुलं आली आहेत. गाडी फार देखणी दिसते.

२६ सप्टेंबर

छगनभाई फियाटची चाकं घेऊन आले. फियाटच्या चाकाला भोकं चार, आमच्या गाडीला पाच. मग जीपचं चाक आणलं. त्याला भोकं पाच, पण ती एकमेकांपासून फार अंतर राखून आहेत. छगनभाई म्हणाले, नवी भोकं पाडून घेऊ, आधी जुने नट दाखवा. नट ह्यांनी एका डब्यात जपून ठेवले होते. डबा होता, नट नव्हते.

"उंदीर," सुभद्राबाई म्हणाली.

उंदीर लोखंड नेतात हे मला ठाऊक नव्हतं. बन्सीलालसाहेब पाहणीला आलेलेच होते. प्लेगनंतर उंदराची तक्रार आली की त्यांना वर कळवावंच लागतं. दुपारी दोन माणसं येऊन गाडीखाली सापळा लावून गेली. त्यात कांद्याचं भजं आहे.

बन्सीलालसाहेबांची मला दया येते. कामाच्या रगाड्यात त्यांना वेळेचं भान राहत नाही. नेमके जेवणाच्याच वेळी येतात आणि मग सुभद्राबाईला त्यांना वाढावं लागतं.

५ ऑक्टोबर

सुभद्राबाईनं दसऱ्याला गाडीच्या दारापुढे मातीचा ओटा घातला आणि शेणानं सारवला. त्यावर ती बसते, भाजी निवडते. मी तिचं कौतुक केलं. बन्सीलालसाहेबांनी मात्र कपाळाला हात लावला.

"बेन, वाहनाला ओटा नसतो. एस.टी.ला ओटा पाहिला आहे का तुम्ही? आणि हा वेल. वेल टपापर्यंत गेला, म्हणजे वाहन निदान एक पावसाळा जागचं हललेलं नाही. हे सगळे पुरावे आहेत."

सुभद्राबाईनं त्यांना गिलक्याची भाजी वाढली. पुरावा चवीला चांगला आहे, असं ते म्हणाले आणि अजून थोडा मागून घेतला.

१० ऑक्टोबर

आज संध्याकाळी गाडीत बसले असताना तिला सरळच विचारलं. "सुभद्राबाई, तुला चाकं नको आहेत का?"

ती तवा घासत होती. थांबली नाही.

"ताई, खरं सांगू? मी पोर होती तवापास्नं, दिवाळी झाली की आमचं घर गाडीवर चढायचं. चूल, भांडे, कोंबड्या, म्हातारी आजी, समदं बैलांच्या टायरगाडीवर. बारडोलीले ऊस तोडा, चलथानले तोडा. पाचटाची कोपी बांधा, चार महिन्यांनी पाडा, परत जा. लगीन झालं तं सासरचं घरबी गाडीवरच. एक भिंत मी दोनदा सारवली नाही. आता कुठं घर जरा थांबलं, तं तुम्ही म्हनता, चाकं लावू."

 या बाकावर बसून मी तिला सलूनची गोष्ट कितीतरी वेळा सांगितली आहे. ती दर वेळी ऐकून घ्यायची. मला वाटायचं, तिला आवडते.

मग मी समजावलं. चाकं लावायची ती जाण्यासाठी नाहीत, राहण्यासाठी आहेत. चाकं नसली तर घर पाडतील. असली तर कोणी हात लावणार नाही.

तिनं तवा पालथा घातला. "म्हंजे ज्याले चाकं शेत ते ऱ्हाई, अन् ज्याले नहीत ते जाई?"

"हो."

"हाई कोन ठरवस?"

 कॉर्पोरेशन, असं म्हटलं, पण माझं मलाच ते खरं वाटलं नाही.

 शेवटी ती म्हणाली, "मंग लावा चाकं. पन हवा नका भरू."

रात्री ती घरातली आवराआवर करून गेली, मग पाहिलं तर पोळपाटाशेजारी वाटीत सगळे नट. पुसून स्वच्छ केलेले. उंदरांना उपरती झाली असावी.

बन्सीलालसाहेबांना विचारायला हवं, हवा नसलेलं चाक चाक धरतात का.

१२ ऑक्टोबर

धरत नाहीत.

१७ ऑक्टोबर

छगनभाईंनी आज गाडीखाली आडवं पडून आसावर हातोडा मारून पाहिला. हातोडा आत गेला. इतकी वर्षं विटांवर बसून आस आतून पार गंजला होता आणि वरून ह्यांनी दिलेला रंग तेवढा शाबूत होता.

छगनभाई कपडे झटकत उठले. "बेन, आप दाँत लगवाने आए थे. यहाँ तो जबड़ा ही नहीं है."

त्यांनी चाकं परत टेम्पोत घातली. जाताना जर्मन कुटुंबाचं चित्र पुन्हा एकदा पाहायला मागितलं.

बडोद्याहून माझ्या मुलीचा, वर्षाचा, फोन आला. तिला सगळं सांगितलं. "आई, भंगारात दे ते, आणि सुभद्राबाईला एखादी खोली बघून दे," म्हणाली. माझी मुलगी शहाणी आहे, लहानपणापासूनच. मी म्हटलं, बघते. खरं तर काहीच बघायचं नव्हतं. सुभद्राबाई कुठल्याशा चाळीत राहायला गेली आणि मी या मोठ्या घरात एकटी संध्याकाळचे दिवे लावते आहे, असं डोळ्यांपुढे आलं आणि मी फोन जरा आधीच ठेवला.

सुभद्राबाईनं ऐकलं असावं. भांडी विसळताना म्हणाली, "मन्हा भाऊ शे ना चिंधा. दिवाळी झाली की चलथानले येतो बैल घेऊन. त्याच्याकडं मोडक्या टायरगाडीचा आस पडलेला शे."

तिनं स्वतःहून चाकांचा विषय काढला. पहिल्यांदाच.

२ नोव्हेंबर

आज फार मोठा दिवस. चिंधा एका उसाच्या ट्रकवर बसून आला. बरोबर टायरगाडीचा लोखंडी आस आणि चार टायर. हडकुळा माणूस, मिशी मात्र भारदस्त. छगनभाईही आले होते. त्यांना आता या गाडीचं वेड लागलं आहे. म्हणाले, दुकानात लक्ष लागत नाही.

चार टायर अंगणात ओळीनं मांडले. त्यातला एक विमानाचा आहे, असं चिंधाचं म्हणणं.

"विमानाचा कशावरून?" छगनभाईंनी विचारलं.

"उतरेल शे तो मुंबईले, विमानासंगे," चिंधा म्हणाला. "किती डाव उतरेल शे, इचारा."

कोणाला विचारायचं ते त्यानं सांगितलं नाही. दुसरा टायर ट्रकचा, वर नवं रबर चढवलेला. उरलेले दोन ट्रकचेच, पण घासून घासून टकलासारखे गुळगुळीत झालेले. छगनभाई म्हणाले, विमानाचा एक आणि रबर चढवलेला एक घ्या, भक्कम होईल. दोन्ही आसाला लावून पाहिले. एक ठेंगणा, एक उंच. वर गाडी ठेवली असती तर ती कायमची कोणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकत असल्यासारखी दिसली असती.

मी पुस्तिका उघडली. टायरवरची नक्षी इतकी इतकी खोल हवी, गुळगुळीत टायर कधीही वापरू नये, असं तिच्यात जाड अक्षरांत लिहिलं आहे. मी ते मराठीत वाचून दाखवलं. बन्सीलालसाहेबही जेवता जेवता मत देऊ लागले. सगळे एकदम बोलत होते.

सुभद्राबाई हात पुसत बाहेर आली. मडकं घेताना वाजवून बघतात तसं तिनं बोटांनी एकेक टायर वाजवून पाहिलं. विमानाच्या टायरपाशी ती थांबलीसुद्धा नाही. मग त्या दोन गुळगुळीत टायरांवर हात फिरवला.

"ताई, हाऊ टायर थकना शे. अन् हाऊबी. आते हाई दोन्ही कोठेच जानार नहीत. हाईच लावा."

 छगनभाईंनी आयुष्यभर लोकांना याच्या उलट सांगून टायर विकले आहेत. त्यांनी मान हलवली.

"वात तो साची छे."

मी पुस्तिका मिटली. हवा अर्धीच भरायची या अटीवर तिनं हवाही भरू दिली. गाडी उचलून विटा काढल्या तेव्हा सुभद्राबाई वेलाचे ताणे एकेक करून सोडवत होती. न तोडता.

९ नोव्हेंबर

बन्सीलालसाहेबांनी आज गाडी ढकलली. ती बोटभर हलली.

"हलली," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की आम्हा दोघींशी हात मिळवला. मग ताटावर बसल्यावर त्यांचा चेहरा पडला. मोटारीमागे लावायचं वाहन म्हटलं की त्याची कागदपत्रं लागतात. ती जर्मनीत. कागद नसलेलं वाहन उचलून नेतात. म्हणजे आधी घर पाडणार होते, आता घर उचलून नेणार.

सुभद्राबाई वाढता वाढता थांबली. भाकरी तिच्या हातातच राहिली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं आणि डोळे मिटले.  मग म्हणाले, "पण आस तर बैलगाडीचा आहे."

"हो."

"मग ही मोटारीची गाडी नाहीच. ही बैलगाडी आहे. बैलगाडीला कागद लागत नाहीत. फक्त कॉर्पोरेशनचा पत्र्याचा बिल्ला. तो मीच देतो." त्यांनी भाकरी तिच्या हातातून घेतली. "पण बैल जुंपून माझ्यासमोर चालवून दाखवावी लागेल. गल्लीतल्या कडुलिंबापर्यंत चालेल. आणि लवकर करा, बेन. मंगळवारी पाडापाडीची टोळी याच गल्लीत आहे."

१४ नोव्हेंबर, मंगळवार

पाय सुजले आहेत, तरी आजच लिहायला हवं.

चिंधा एक दिवसाची ऊसतोड सोडून बैल घेऊन आला. मी ठेवणीतली निळी साडी नेसले होते. थर्मासमध्ये चहा, डब्यात काकडीचे सँडविच. कडुलिंबापर्यंत का होईना, मधल्या खिडकीत बसून जायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. अण्णांना, ह्यांना, सिस्टर बेनेडिक्टांना मनातल्या मनात सांगूनही झालं होतं. दाराशी गेले, तर आतून कडी.

"सुभद्राबाई, दार उघड."

"नही, ताई. घर जाई तं मी संगं जाईन. घराले एकटं नही सोडनार."

"अगं, मी पण येते आहे."

कडी तशीच राहिली.

"बेन, उशीर होतो आहे," बन्सीलालसाहेब म्हणाले. चिंधानं बैलांना हाक दिली आणि ते थकलेले टायर निघाले. मी मागून चालू लागले, हातात थर्मास.

कडुलिंब आला. साहेब म्हणाले, "बस, झालं. फिरवा मागे."

"कशी फिरवू?" चिंधा म्हणाला. "बैलाले उलटं चालता येत नही. अन् गल्लीत वळायले जागा कोठे शे?"

याचा विचार कोणीच केला नव्हता. बारडोली रस्त्यापर्यंत जाऊन वळवू, असं ठरलं. पण रस्त्याला लागताच बैल आपणहून चलथाणच्या दिशेला वळले. चिंधा म्हणाला, त्यांना वाटतं मागे ऊस आहे. साखर कारखान्याच्या रांगेत उभं राहिल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नाही. त्यानं कासरा ओढून पाहिला. बैलांनी मान हलवली आणि चालत राहिले.

लूमच्या कारखान्यांतून माणसं बाहेर आली. चहाच्या टपरीवरून कोणी विचारलं, वरात कोणाची? एका म्हाताऱ्या बाईनं चाकाला हात लावून नमस्कार केला. मला कसंतरी झालं, मी तिला थर्मासमधला चहा दिला. खिडकीत सुभद्राबाईचा चेहरा सुरुवातीला दगडासारखा होता. खाडीचा पूल ओलांडल्यावर पाहिलं तर तिनं कोपर खिडकीत टेकवलं होतं.

वळायला जागा मिळाली ती थेट जकात नाक्यावर. वळसा घेताना गाडी नाक्याच्या पलीकडे गेली, म्हणजे शहराबाहेर गेली, आणि वळून पुन्हा शहरात यायला लागली तेव्हा नाक्यावरच्या कारकुनानं बांबू आडवा केला.

"माल काय आहे?"

"माल नाही, वाहन आहे," बन्सीलालसाहेब म्हणाले.

"वाहनात काय आहे?"

"घर."

कारकुनानं दरांचं पुस्तक काढलं. घासलेट होतं, घोडा होता, घोंगडी होती. घर नव्हतं. मागे ट्रकांची रांग लागली. सगळे भोंगे वाजवत होते. बन्सीलालसाहेबांनी त्याला बाजूला नेऊन गुजरातीत बरंच काही समजावलं. शेवटी कारकून म्हणाला, "बैलगाडी एक, आत बाई एक, असं लिहितो. मालक कोण?"

मी थर्मास खाली ठेवला, पदर सावरला आणि सांगायला तोंड उघडलं.

"मी शे," वरून आवाज आला.

कारकुनानं खिडकीकडे पाहिलं. "तुम्ही मालक?"

"घर मन्हं शे. बैल मन्हा भाऊना शेत. आजून कोन पाहिजे?"

"आणि ह्या?"

सुभद्राबाईनं माझ्याकडे पाहिलं. उन्हानं माझा चेहरा लाल झाला असणार, साडीला धूळ लागली होती. तिचा आवाज जरा मऊ झाला. "त्या आमच्या ताई शेत. पायी येतात."

तोंड उघडलेलंच होतं. त्यात उरलेला चहा ओतला आणि मिटलं. कारकुनानं लिहून घेतलं. बन्सीलालसाहेबांनीही.

मग कडी निघाली. "ताई, चढा. पाय दुखत असतीन." पायरी नव्हती, म्हणून एक कोपर साहेबांनी धरलं, एक कारकुनानं. आत मधल्या खिडकीपाशी ती बसली होती. तिनं पिठाचा डबा सरकवून मला पलंगाच्या कडेला जागा करून दिली. तिथून खिडकी दिसत नाही, चूल दिसते. गाडी डुलत होती. मी सँडविचचा डबा उघडला. तिनं एक तोंडात घातलं, काकडी वेगळी काढून खाल्ली आणि खिडकीबाहेर काय काय दिसतं ते मला सांगत राहिली.

"आता लूमचा कारखाना आला. पोरं हात करतात, ताई. मी बी करू का?"

"कर."

तिनं हात केला. मी तिच्याकडे बघत होते.

घरी पोचलो तेव्हा टोळी येऊन गेली होती. गाडी जागेवर नसल्यामुळे त्यांना तिथे एकच बांधकाम सापडलं, दारापुढचा मातीचा ओटा. तो त्यांनी रीतसर पाडला होता.

१६ नोव्हेंबर

बिल्ला आला. बन्सीलालसाहेबांनी स्वतः खिळे ठोकून गाडीच्या दारावर लावला. त्यावर गुजरातीत 'सुभद्राबेन' असं रंगवलं आहे. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग छगनभाई आले, त्यांनाही वाचायला लावलं. बैलगाडीची तपासणी दर महिन्याला करावी लागेल, असं साहेब म्हणाले. दुपारी बाराच्या सुमाराला.

वर्षाला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे बाबांची गाडी आता तिच्या नावावर झाली? आणि तुला हे चालतं?" मी म्हटलं, बैल तिच्या भावाचे आहेत ना. यावर तिला काय बोलावं ते सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही दिवसभर सुचलं नव्हतं.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी मागच्या अंगणात गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, आत दिवा होता. दाराला हात लावला आणि तो तसाच थांबला. मग मी दार वाजवलं. ती राहायला आल्यापासून पहिल्यांदाच.

"कोन शे?" आतून विचारलं.

नुसतं 'मी' म्हणावं तर ते कसंतरीच वाटलं. 'ताई' म्हणावं, तर तसं तिनं म्हणायचं.

"पाहुणी," मी म्हटलं.

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"या," ती म्हणाली. "पाय पुसून या हां, ताई."

मी पाय पुसले.